तेरा पॉइंट नऊ

लिंडेल काउंटीतल्या एकूण एक पेट्रोल पंपावर डेल्बर्ट क्लिंगरची सही चिकटवलेली आहे. पंपाच्या काचेत पाच गॅलन दिसले तर टाकीतही पाचच पडतात, अशी हमी त्या सहीत असते. किराणा दुकानातला तराजू, धान्याच्या कोठारापाशी ट्रक तोलणारा वजनकाटा, वखारीत लाकूड मोजायची पट्टी. इंडियानाच्या उत्तरेकडच्या या काउंटीत जे मोजून विकलं जातं ते डेल्बर्ट गेली एकतीस वर्षं तपासत आला आहे. वजनमापं निरीक्षक हे पद हेवा करावा असं नाही. लोक अशा माणसासमोर केक कापायलाही बिचकतात. एकदा त्याच्या बायकोनं, लोरेटानं, पुस्तकातली कृती वाचताना 'चिमूटभर मीठ' म्हटलं, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "कोणाची चिमूट?" तो गंमत करत नव्हता.

असा हा माणूस एकतीस वर्षं, दर गुरुवारी सकाळी, डॉटच्या हॉटेलातल्या खिडकीजवळच्या टेबलावर, कॉफीच्या दुसऱ्या कपाबरोबर एकच आकडा सांगत आला होता. तेरा पॉइंट नऊ.

आकडा त्याच्या १९७० सालच्या पॉन्टियाक जीटीओचा होता. गाडी हिरवी, दोन दारांची, नाकाखाली आठ सिलिंडरांचं इंजिन, आणि लांबी एवढी की डेल्बर्टच्या गॅरेजचं दार बंद करण्यासाठी मागच्या भिंतीवरचं कपाट काढावं लागलं होतं. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल कापायला ती तेरा पॉइंट नऊ सेकंद घेत असे, आणि तेही कशालाही हात न लावता. 'कशालाही हात न लावता' यावर डेल्बर्टचा फार जोर. गावातल्या बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांना मोठे कार्ब्युरेटर लावले होते, रुंद टायर चढवले होते, इंजिनं खोलून आत काय काय घासलं होतं. डेल्बर्टच्या मते हे तराजूच्या पारड्याखाली चुंबक चिकटवण्यासारखं होतं.

"कारखान्यातून आली तशी आहे," तो म्हणे. "वॉशरसुद्धा बदललेला नाही."

टेबलावरचे पाच जण मान हलवत आणि अंड्यांकडे वळत. फक्त व्हर्न स्टाउट मान हलवत नसे. व्हर्न हा लोरेटाचा मोठा भाऊ, म्हणजे डेल्बर्टचा मेव्हणा. जन्मभर ट्रॅक्टर विकून निवृत्त झालेला, त्यामुळे दुसऱ्याच्या दाव्यावर विश्वास न ठेवण्याची त्याला व्यवसायानंच सवय लावलेली. व्हर्नचा स्वतःचा आकडा तेरा पॉइंट चार होता. ती गाडी त्यानं १९७९मध्येच विकून टाकली होती. विकलेल्या गाड्या दर वर्षी थोड्याथोड्या वेगवान होत जातात, असं डेल्बर्टचं निरीक्षण होतं. पण ते त्यानं मेव्हण्याला ऐकवलेलं नव्हतं.

जुलैतल्या एका गुरुवारी व्हर्ननं टेबलावर एक रंगीत कागद ठेवला आणि त्यावर सॉसची बाटली ठेवली, उडू नये म्हणून.

"वाच, डेल."

डेल्बर्टनं वाचलं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, चाळीस मैलांवरच्या कॉर्न क्रीक ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीवर, फक्त मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा दिवस. ज्या गाडीला कारखान्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही, तीच धावेल.

"तुझ्यासाठीच भरवलंय बघ," व्हर्न म्हणाला. "हात न लावलेल्या गाड्या आणि हात न लावू देणारे मालक."

"माझा आकडा मला माहीत आहे."

"तुला आहे रे. आम्ही एकतीस वर्षं नुसता ऐकतोय. उद्या पंपवाला तुला म्हणाला, माझे गॅलन मला माहीत आहेत, तर तू काय करशील?"

टेबल खदखदून हसलं. डॉटसुद्धा कॉफीचं भांडं हातात धरून हसली, आणि तिच्या तराजूवर तर डेल्बर्टची सही होती.

"मोजलेला आकडा आहे तो," डेल्बर्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "गिंगरिच चाळीसवर मोजलाय. सरकारी घड्याळानं. आणि घड्याळ धरलं होतं तुझ्या वडिलांनी."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. या भागातली सगळी जमीन आलेखाच्या वहीसारखी आखलेली आहे. एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन. प्रत्येक चौकोनाचे सोळा तुकडे. प्रत्येक तुकडा चाळीस एकरांचा आणि त्याची बाजू बरोबर पाव मैल. त्यामुळे पाव मैल मोजायला इथे कुणी टेप काढत नाही. कुंपणाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचं, झालं. मिसेस गिंगरिच यांच्या चाळीस एकरांच्या कडेनं जाणारा रस्ता सपाट आहे, सरळ आहे, आणि शेरीफची गाडी तिकडे फिरकत नाही. त्यामुळे गेली पन्नास वर्षं लिंडेल काउंटीतला प्रत्येक आकडा तिथेच जन्माला आला होता. व्हर्नचा तिथलाच. गावच्या न्हाव्याचा तिथलाच. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, नोकरी नवी आणि गाडी नुकतीच विकत घेतलेली असताना, डेल्बर्टचे सासरे एल्डन स्टाउट त्याला तिथे घेऊन गेले होते. सासऱ्यांनी जावयाची वेळ मोजली, जावयानं सासऱ्यांची. सासऱ्यांची आली तेरा पॉइंट दोन. म्हातारा त्या दिवशी इतका खूश झाला, की पुढे मरताना त्यानं सांगून ठेवलं: दगडावर गाडी कोरा आणि खाली आकडा घाला. 'सरकारी माणसानं मोजलाय तो,' असंही म्हणाला. नऊ वर्षांपूर्वी तसं केलं गेलं. गावच्या दफनभूमीत आजही त्या दगडावर नाव, तारखा, एक सुबक गाडी आणि '१३.२ सेकंद' असं कोरलेलं आहे.

"बाबांना यात आणू नकोस," व्हर्न म्हणाला. "त्यांचा आकडा दगडावर आहे. तुझा नुसता तोंडात आहे."

डेल्बर्टनं त्याच संध्याकाळी अर्ज भरला.

अर्ज अकरा पानांचा होता. तो वाचून डेल्बर्टला आनंद झाला, कारण चांगला अर्ज त्याला लगेच ओळखू येतो. पण सहाव्या पानावर आनंद मावळला. गाडी मूळ अवस्थेतली आहे याचा कारखान्याचा पुरावा जोडावा, असं तिथे होतं. त्यानं खाली दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडे आर्डिस फॉग्ट नावाच्या तपासनीस बाई होत्या. वय सत्तरीपलीकडचं असावं. आवाज मात्र शाळेतली घंटा.

"कारखान्याचा कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत असतो," बाई म्हणाल्या. "तिथले कामगार तो तिथेच खुपसून पुढच्या गाडीकडे वळायचे. सीट काढा."

"सीट कधीच काढलेली नाही, मॅडम. हात लावलेला नाही."

"मग आता लावा."

तर ज्या गाडीला एकतीस वर्षं हात लावला नव्हता, ती हात लावला नाही हे सिद्ध करण्यासाठी डेल्बर्टनं उघडली. कागद सापडला. त्याच्यावर उंदरांनी संसार केला होता. अठ्ठेचाळीस चौकटींपैकी सेहेचाळीस वाचता येत होत्या. उरलेल्या दोनांतली एक इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कुठल्या प्रमाणात पोचते ते सांगणारी होती, आणि गाडी सुसाट सुटते की नुसती मिरवते ते नेमकं तिच्यावर ठरतं. उंदरांनी ती चौकट अगदी कडेकडेनं, मापात कुरतडली होती.

"मग दात मोजा," आर्डिस बाई फोनवर म्हणाल्या.

"उंदरांचे?"

"गिअरचे, मिस्टर क्लिंगर."

मागचा आस उघडून दात मोजण्यात एक रविवार आणि डेल्बर्टचा एकमेव चांगला शर्ट गेला. मग टायर. डेल्बर्टचे टायर आधुनिक होते, म्हणजे रस्ता धरणारे. नियमानुसार सत्तर सालच्या पद्धतीचे अरुंद टायर हवेत, जे रस्ता धरत नाहीत, रस्त्याची नुसती विचारपूस करतात. मग पाणी वाहणाऱ्या रबरी नळ्यांवरच्या पट्ट्या. आधीच्या मालकानं त्या नव्या बसवल्या होत्या. त्या गळत नव्हत्या, म्हणूनच चालणार नव्हत्या. मूळच्या घडणीच्या, थोड्या गळणाऱ्या पट्ट्या शोधत डेल्बर्ट तीन शनिवार जुन्या सामानाच्या बाजारांत हिंडला. ऑगस्ट उजाडेपर्यंत गाडी पूर्वीपेक्षा कमी वळत होती, उशिरा थांबत होती आणि गॅरेजच्या फरशीवर थेंब टाकत होती.

"नियमात बसली एकदाची," तो लोरेटाला म्हणाला.

"तुझ्या चेहऱ्यावरून वाटत नाही," लोरेटा म्हणाली. "आणि तो शर्ट फेकून दे."

या काळात सल्ल्यांची टंचाई नव्हती. समोरच्या घरात राहणारा लायल, जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला, रोज संध्याकाळी लॉनवरची खुर्ची उचलून डेल्बर्टच्या गॅरेजसमोर मांडत असे.

"इंजिनावर बर्फाची पिशवी ठेव," लायल म्हणे. "थंड हवा दाट असते. जास्त ऑक्सिजन."

"नियमात बसतं का ते?"

"बर्फ कारखान्याचाच वापर की."

न्हाव्यानं सांगितलं, पेट्रोल पाव टाकीच ठेव. डॉटनं सांगितलं, उपाशीपोटी जा. व्हर्ननं सांगितलं, सुटं चाक आणि जॅक डिकीतून काढ. पण सुटं चाक आणि जॅक डिकीत असलंच पाहिजे, असा नियम होता, आणि आर्डिस बाई ते तपासणार होत्या.

"शंभर पौंड वजन कमी झालं की सेकंदाचा दहावा हिस्सा वाचतो," लायलनं शास्त्रीय माहिती पुरवली. त्यानंतर लायल, व्हर्न आणि न्हावी या तिघांनी गाडीकडे पाहिलं, मग डिकीकडे, आणि मग, एकमेकांची नजर चुकवत, डेल्बर्टच्या पोटाकडे. डेल्बर्टनं गॅरेजचं दार खाली ओढलं.

शर्यतीच्या दिवशी आर्डिस बाईंनी गाडी दीड तास तपासली. छोटा आरसा लावलेली एक काठी होती त्यांच्याजवळ. त्या काठीनं त्यांनी गाडीची खालची बाजू बघितली. दंतवैद्य बघतो तशी. शेवटी त्यांनी डेल्बर्टकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ." एकतीस वर्षांत त्याला कुणी दिलेली ही सर्वोत्तम दाद होती. व्हर्न शेजारीच उभा होता, त्यानं ऐकली याची डेल्बर्टनं खातरी करून घेतली.

बाजूच्या पट्ट्यात एका निवृत्त पाद्र्याची निळी गाडी होती. पिवळे दिवे एकेक करून लागले, मग हिरवा. डेल्बर्टनं पाय दाबला. अरुंद टायरांनी क्षणभर किंकाळी फोडली, धूर केला, मग रस्ता सापडल्यासारखं केलं, आणि हिरवी गाडी नाक वर करून निघाली. आवाज तर असा, की गॅलरीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. डेल्बर्टला वाटलं, बारासुद्धा येतील.

पलीकडच्या टोकाला पाद्री गाडीतून उतरून, टोपी हातात घेऊन, त्याची वाट बघत उभा होता.

"छान गाडी आहे हो," पाद्री हळुवारपणे म्हणाला. हा सूर डेल्बर्टनं फक्त अंत्यविधीला ऐकला होता.

खिडकीतून मिळालेल्या चिठ्ठीवर १५.४२ होतं.

दुसऱ्या फेरीत १५.४४. तिसऱ्या फेरीत पुन्हा १५.४२. तेच माप पुन:पुन्हा तेच येणं ही मोजमापाच्या शास्त्रात परमसुखाची गोष्ट समजली जाते. डेल्बर्टला ते सुख झेपेना. तो तडक वेळ मोजणाऱ्या मनोऱ्यावर गेला.

"घड्याळ शेवटचं कधी तपासलंय?"

मनोऱ्यातल्या माणसानं सँडविच खाली ठेवलं. पावाच्या चौफेर बाहेर आलेला डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा त्यानं आधी नीट आत ढकलला. "एप्रिलमध्ये. कागद भिंतीवर आहे."

कागद भिंतीवर होता. शिक्का होता, सही होती, चुकीची मर्यादा दिलेली होती. इतका निर्दोष कागद डेल्बर्टनं स्वतः क्वचितच लिहिला असेल.

"आणि अंतर? अंतर कोणी मोजलंय?"

"साहेब, ही ड्रॅग स्ट्रिप आहे. अंतर हीच एक वस्तू आम्ही विकतो."

त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत दोनशे लोकांनी एक दृश्य पाहिलं. लिंडेल काउंटीचे वजनमापं निरीक्षक खात्याची शंभर फुटी पोलादी टेप घेऊन धावपट्टीवर ओणवे चालले आहेत, आणि दुसरं टोक धरून त्यांचे मेव्हणे प्रत्येक शंभर फुटांवर गुडघ्यांच्या नावानं ओरडत आहेत. तेराशे वीस फूट भरायला हवे होते. तेराशे वीस फूट भरले. वर अर्धा इंच. गॅलरीत टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिटीही मारली.

"अर्धा इंच वाढीव दिलाय त्यांनी," व्हर्न धापा टाकत म्हणाला. "तक्रार करायची का?"

परतीच्या चाळीस मैलांत व्हर्न आणखी काही बोलला नाही. हे चिडवण्यापेक्षा वाईट होतं. कारण डेल्बर्टला समजत होतं, प्रश्न आता गाडीचा नव्हता. पंधरा पॉइंट चार ही काही शरमेची वेळ नाही. एवढ्या जड गाडीला, सत्तर सालच्या टायरांवर, ती रास्तच आहे. प्रश्न असा होता, की एकतीस वर्षं एक माणूस दर गुरुवारी दीड सेकंद कमी सांगत होता आणि तोच माणूस बाकीचे दिवस लोकांच्या तराजूंवर सह्या करत होता.

रविवारी त्यानं कागद घेऊन कारणं मांडली. उकाडा आणि दमट हवा यांचे झाले सेकंदाचे दोन दशांश; तेवढे तर आर्डिस बाईंनीही मान्य केले असते. अरुंद टायरांचा एक दशांश. तरी एक सेकंदाहून जास्त उरतच होतं. गाडी बरोबर, घड्याळ बरोबर, पट्टी बरोबर. सत्त्याऐंशीचं घड्याळही सरकारी. मग उरलं काय? जे कुणी कधीच मोजलं नव्हतं, ते.

"लोरेटा," त्यानं हाक मारली, "पायात बूट घाल. टेप धरायची आहे."

गिंगरिच चाळीसवर मका डोक्याएवढा झाला होता. लोरेटा कुंपणाच्या कोपऱ्याच्या खांबापाशी टेपचं टोक धरून उभी राहिली आणि दर शंभर फुटांनी चालत पुढे आली. अकराव्या खेपेनंतर डेल्बर्ट थांबला. पुढे बावीस फुटांवर दुसऱ्या कोपऱ्याचा खांब होता. खांबाच्या पुढे आणखी जवळपास दोनशे फूट असायला हवे होते. तिथे दुसऱ्याच माणसाचं सोयाबीन होतं.

ओसरीवरच्या झोपाळ्यावरून मिसेस गिंगरिच हे सगळं बघत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाई काठी टेकत डेल्बर्टपर्यंत आल्या. लोरेटा तेव्हा शंभर फूट मागे, टेपचं टोक धरून उभी होती.

"काय शोधतोस, डेल्बर्ट?"

"हे चाळीस एकर नाहीत, मिसेस गिंगरिच."

"नाहीतच. चौतीस आहेत. मी कर चौतीसचाच भरते."

"पण सगळे याला चाळीस म्हणतात!"

"म्हणू देत. मला कुठे कुणी विचारलं?" त्यांनी काठीनं कुंपण दाखवलं. "जुन्या सर्वेक्षणवाल्यांची साखळी चुकत चुकत आली, आणि ती सगळी चूक त्यांनी पश्चिमेच्या या शेवटच्या रांगेत लोटून दिली. माझे सासरे सांगायचे. तुझ्या सासऱ्यालाही ठाऊक होतं की."

"एल्डनना?"

"एल्डनला नाही तर कोणाला? बाजूचं शेत त्याचंच होतं ना तेव्हा. पोरांना इथे आणून वेळ मोजायची कल्पनाच त्याची. माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, जॉन, या रस्त्यावर काउंटीतलं एकही पोर हरणार नाही." बाई हसल्या. "आणि मग तुला घेऊन आला. त्या दिवशी तर तो त्या कुंपणाला धरून इतका हसत होता, मला वाटलं बसला आता खाली."

त्या दिवशी सासरे हसत होते, हे डेल्बर्टला आठवत होतं. तो ते जावयाचं कौतुक समजला होता. एल्डननी काउंटीतल्या सर्वांत प्रामाणिक माणसाच्या सरकारी घड्याळानं आपल्या थट्टेवर शिक्का मारून घेतला होता, आणि मग तो शिक्का दगडावर कोरून घेतला होता.

"काय म्हणाल्या त्या?" गाडीत बसल्यावर लोरेटानं विचारलं.

"चौतीस एकर आहेत म्हणाल्या." उरलेलं त्यानं सांगितलं नाही.

लोरेटाला गणित चांगलं येतं. ती चर्चचे हिशेब बघते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हणजे बाबांचा आकडा?"

"चौदा पॉइंट सहा. किंवा सात."

"दगडावर तेरा दोन आहे."

"हो."

"गुरुवारी सांगणार आहेस?"

"सांगावं लागेल. चुकीचं माप माहीत असून चालू दिलं तर..."

"डेल, बाबा पेट्रोल विकत नव्हते."

सोमवारी डेल्बर्ट काउंटीच्या भूमापन कार्यालयात गेला, कारण आपल्याच टेपवर विसंबून चालणाऱ्यातला तो नव्हता. खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी त्याला अर्ज दिला. अर्जात 'कारण' असा रकाना होता. डेल्बर्टनं त्यात 'वैयक्तिक' असं लिहिलं.

"वैयक्तिक चालत नाही," बाई म्हणाल्या. "वाटणी, विक्री किंवा भांडण. यातलं एक लिहा."

डेल्बर्टनं बराच विचार करून 'भांडण' लिहिलं. तासाभरानं १८३० च्या सुमाराच्या नोंदवहीची प्रत हातात आली. सुरेख अक्षरात लिहिलं होतं: वीस साखळ्यांच्या जागी सतरा. एक साखळी सहासष्ट फुटांची. सतरा साखळ्या, अकराशे बावीस फूट. इंचाचाही फरक नाही. त्यानं उभ्याउभ्या हिशेब केला: शेवटचे एकशे अठ्ठ्याण्णव फूट, चिठ्ठीवर छापलेल्या ताशी एक्क्याण्णव मैलांच्या वेगानं, दीड सेकंद. पंधरा पॉइंट चार वजा दीड. तेरा पॉइंट नऊ. आपण कधीच खोटं बोललो नव्हतो. नुसतं तोकडं अंतर खरं समजून बसलो होतो. या कागदाच्या एका घडीत त्याची सुटका होती.

गुरुवारी तो कागद खिशात घालून डॉटकडे गेला. टेबल भरलेलं होतं. बातमी त्याच्याआधी पोचली होती, टेपच्या दृश्यासकट.

"या, पंधरा चार!" न्हावी म्हणाला.

"अर्धा इंच!" दुसरा कुणीतरी म्हणाला.

डेल्बर्टनं खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. त्यानं टेबलाभोवती नजर फिरवली. न्हावी, तेरा पॉइंट सहा. लायल, चौदा एक, आणि तोही सांगताना मास्तर अजून लाजतात. कोपऱ्यातला वखारवाला, त्याचा बारा पॉइंट नऊ, आणि त्याच आकड्यावर, तो सांगे, त्याची बायको भाळली. व्हर्न, तेरा चार. सगळे गिंगरिच चाळीसचे.

"टवाळी पुरे," व्हर्न एकदम म्हणाला. व्हर्न कॉफीत चमचा ढवळत होता, आणि त्यात साखर नव्हती. "डेलचा आकडा खरा आहे. बाबांनी घड्याळ धरलं होतं. बाबा शेवटी शेवटी रोज म्हणायचे, माझ्या आयुष्यात एकच गोष्ट कुणाला नाकारता येणार नाही, ती जावयानं मोजलेली आहे. म्हणून मी दगडावर कोरून घेतलं. बाबांचा खरा, तर याचाही खरा. त्या दिवशी स्ट्रिपवर काहीतरी दुसरं झालं असणार. काय झालं रे, डेल?"

डेल्बर्टचा हात खिशातच होता. आयुष्यात मेव्हण्यानं पहिल्यांदा त्याची बाजू घेतली होती.

"मी चुकलो," डेल्बर्ट म्हणाला. "सुटताना पाय जोरात दाबला. चाकं फिरली."

"बघा!" व्हर्न म्हणाला, आणि टेबलावर मूठ आपटली.

त्यानंतर अर्धा तास सहा माणसांनी डेल्बर्टला गाडी कशी सोडायची ते शिकवलं. पायाखाली अंडं आहे असं समज. श्वास रोख. हिरव्याची वाट बघू नकोस, शेवटच्या पिवळ्यालाच नीघ. न्हाव्यानं तर खुर्चीत बसून पाय कसा ठेवायचा ते दाखवलं. डेल्बर्ट मान हलवत होता. चुकीचं माप तसंच सोडून उठण्याची ही त्याची नोकरीतली पहिली वेळ होती.

"सप्टेंबरच्या शर्यतीला मी चालवतो," व्हर्न म्हणाला. "गाडीचं नाव खराब व्हायला नको. किल्ली दे फक्त."

नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण एकच होतं. डेल्बर्टनं हो म्हटलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी व्हर्ननं हिरवी गाडी सोडली. मान्य करायला हवं, त्यानं झकास सोडली. अंडं फुटलं नसतं. टायर ओरडले नाहीत, धूर झाला नाही, नाक सरळ राहिलं. परत येऊन त्यानं गाडी उभी केली, चिठ्ठी घेतली आणि चष्मा काढून पुसला. चिठ्ठीवर १५.६१ होतं.

व्हर्न गाडीच्या बंपरवर टेकला. डेल्बर्ट त्याच्या शेजारी बसला. समोर दोन गाड्या सुटल्या, गेल्या. आवाज विरून गेला.

"घड्याळ?" व्हर्ननं विचारलं.

"एप्रिलमध्ये तपासलंय."

"अंतर?"

"आपणच मोजलं की. तूच टेप धरली होतीस."

व्हर्ननं मान हलवली. तो बराच वेळ त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आणि शेवटापासून सुरुवातीपर्यंत. मग त्याचे डोळे बारीक झाले. तीस वर्षं ट्रॅक्टर विकलेला माणूस. शेतांचे एकर त्याला तोंडपाठ.

"डेल, ते गिंगरिच बाईंचं..." त्यानं सुरुवात केली.

डेल्बर्टनं श्वास रोखला.

व्हर्न थांबला. चिठ्ठीची त्यानं एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तेवढासा चौकोन शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.

"समोरून वारा होता का रे?" त्यानं विचारलं. आवाज खाली गेला होता. त्यानं डेल्बर्टकडे पाहिलं नाही.

मनोऱ्यावरचे सगळे झेंडे काठ्यांना लटकून पडले होते. पलीकडे शेकोटीचा धूर दोरी ओढल्यासारखा सरळ वर जात होता.

"होता," वजनमापं निरीक्षक म्हणाले. "ताशी बारा मैल."